वेणूने पाहिलेली मुशी

समुद्रकाठच्या एका गावात वेणू नावाची एक मुलगी राहत होती. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

गावासमोर एक बेट होते. पावसाळ्यानंतर पाणी निवळले की तांडेल लखूकाका मुलांना होडीतून तिकडे नेत. कासवे, खेकडे, समुद्रगरुड सारे दाखवत. पण मुले वाट पाहत ती मुशीची, म्हणजे शार्क माशाची. ज्याला मुशी आधी दिसेल, त्याला पुढच्या नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ वाहायचा मान मिळे. आणि मुशी दिसली की होडी माघारी वळे. जास्त वेळ थांबून माशांना त्रास द्यायचा नाही, असा रिवाज होता.

वेणूला तो मान फार हवा होता. दर वर्षी ती लोकांच्या खांद्यांमधून लाटेवर डुलणारा नारळ पाहायची.

त्या दिवशी बेटाजवळ येताच तिने एकदम बोट दाखवले. पाण्यावर पाठीचा एक काळा, टोकदार पर चमकला.

"मुशी! वेणूने पाहिली!" मुलांनी एकच गलका केला. मागे सुकाणूवर बसलेले लखूकाका होडी वळवू लागले.

तेवढ्यात तो प्राणी पुन्हा वर आला. 'फुस्स' करून त्याने श्वास सोडला, तुषार उडाले. बाकीची मुले नाचण्यात दंग होती. हे फक्त वेणूला दिसले. मुशी काही श्वास घ्यायला वर येत नाही.

ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळलेही नसते. ती मागे वळली.

"काका, थांबा. मुशी नाही ती. डॉल्फिन आहे."

तिचा चुलतभाऊ दामू चिडला. "एरवी दिवसभर तोंडाला कुलूप! आणि मान मिळत होता तेव्हा नेमकं उघडलंस?"

"उघडलं ते बरंच झालं," लखूकाका हसले. "चला पोरांनो, पलीकडं बघू."

पलीकडे पाणी उथळ आणि काचेसारखे स्वच्छ होते. "त्या बघा!" दामूच आधी ओरडला. वाळूवरून तीन मुशा सावल्यांसारख्या सरकत होत्या. सगळी मुले होडीच्या काठावर वाकून बघत राहिली. वेणूही मान विसरून बघत राहिली.

पौर्णिमेला नारळ दामूने वाहिला.

पुढच्या वर्षी होडीत पुन्हा कुणीतरी ओरडले, "मुशी!" पण या वेळी समुद्राकडे कुणी पाहिलेच नाही. सगळे वेणूकडे वळले.

"काय गं, आहे का?" दामूने विचारले.

वेणूने नीट पाहिले. "आहे," ती म्हणाली.

मग सगळे बघायला धावले.

तात्पर्य: स्वतःचा तोटा होत असतानाही जो खरे सांगतो, त्याच्या शब्दाला साक्षीदार लागत नाही.