धुक्यातला नावाडी

फार पूर्वी चीनमध्ये वेन नावाच्या चित्रसंग्राहकाकडे एक दगडी शिक्का होता. प्रत्येक चित्रावर लाल रंगात मालकाचं नाव उमटवायचा आणि तोऱ्यात राहायचा. एकदा दरबार सोडून गेलेल्या एका पंडिताने काढलेलं नदीचं चित्र आलं. शिक्का म्हणाला, “मधली रिकामी जागा माझी!”

चित्रातला नावाडी कळवळला. “शिक्केदादा, ते धुकं आहे. तुम्ही तिथे बसलात तर मी पैलतीरी जाऊ कसा?”

शिक्क्याने निरखून पाहिलं. खरंच धुकं होतं. वेनने उचलताच तो मुद्दाम बोटांतून निसटला आणि फरशीवर आपटला. त्याचा कोपरा उडाला.

“तुटका शिक्का मधोमध शोभणार नाही,” वेन चुकचुकला आणि त्याने तो खाली कडेला उमटवला. तिथून शिक्क्याला पहिल्यांदाच अख्खं चित्र दिसलं.