घोडीच्या पाठीवरचे कोरडे डाग

एका घाटाच्या पायथ्याशी एक तांबूस घोडी राहत असे. तिचा मालक गावोगाव औषध देणारा वैद्य होता. यंदा त्याने तिच्यासाठी नवे खोगीर शिवून घेतले. चामडे मऊ, शिवण बारीक, कडांना वेलबुट्टी. पण मुलांनो, ते पाठीवर आल्यापासून घोडीला काहीतरी खुपू लागले. सपाटीला बरे वाटे, चढ लागला की कळ येई. नेमके काय होते, ते तिचे तिलाच उमगेना.

तिने गाढवाला विचारले. ते म्हणाले, "पाठ म्हटली की दुखायचीच. माझी जन्मापासून दुखते." कोल्हा म्हणाला, "एवढे देखणे खोगीर खुपेल कसे? ताईसाहेब, तुमचेच चालणे चुकत असेल." मग घोडी पावले मोजून टाकू लागली आणि दोनदा ठेचकाळली. कावळा म्हणाला, "दे झटकून." तिने अंग झाडले, तर वैद्याने पोटाखालचा पट्टा आणखी आवळला. खोगीर वाईट, की आपणच कामचुकार झालो? तिला काही सुधरेना.

एके सकाळी वरच्या वाडीतून निरोप आला, की एक बाळंतीण तापाने फणफणली आहे. वैद्य लगबगीने निघाला. पण निम्म्या घाटात घोडी जी थांबली, ती हलेना. "अडेल झालीस," वैद्य खाली उतरून चिडून म्हणाला. "उद्याच तुला वीटभट्टीवर देऊन टाकतो." घोडी मान खाली घालून उभी राहिली. तिलाही वाटले, असेन मी अडेल.

तेवढ्यात बाजाराला निघालेला सटवाजी घाट उतरत आला. खोगीर त्यानेच शिवले होते. त्याने काही न विचारता पट्टा सोडला, खोगीर उचलले आणि घोडीच्या पाठीवरून तळवा फिरवला. सगळी पाठ घामाने निथळत होती, फक्त दोन जागी रुपयाएवढे कोरडे डाग होते.

"वैद्यबुवा, हिला बोल लावू नका," तो म्हणाला. "दाब पडतो तिथे घाम फुटत नाही. मी हिची पाठ न बघताच खोगीर भरले. चूक माझी."

त्याने आरीने शिवण उसवली, आतली मूठभर लोकर काढली आणि तिथेच टाके घातले. वैद्य खजील झाला. नाडी पाहिल्याशिवाय कुणाला पुडी न देणारा तो, या पाठीवर एकदाही हात ठेवायला विसरला होता. घोडी मात्र निघाली ती थेट वाडीतच थांबली. औषध वेळेवर पोचले.

तात्पर्य : दुसऱ्याचे दुखणे आधी हात लावून पाहावे, न पाहता दिलेला सल्ला म्हणजे नुसती खोगीरभरती.