ससोबाच्या कानाचं माप

जंगलात वीज आली होती पण माणूस यायचा होता, तेव्हाची गोष्ट. साळूबाईने बाजारात स्वस्तातले इयरफोन मांडले. सोबत लहानमोठी रबरी टोपणंही ठेवली. पण ससोबाने पसंत केल्याशिवाय घेणार कोण? एवढे लांब कान दुसरे होते कुणाचे!

ससोबाने ऐटीत सगळ्यांत मोठी टोपणं निवडली. ती कानात शिरेनात, नुसती दारातच अडकली.

“हा ढोल वाजतोय की डास गुणगुणतोय?” ससोबा ओरडला. “भिकार माल!” गिऱ्हाइकं पांगू लागली. हिरमुसलेल्या साळूबाईने काटेसुद्धा मिटून घेतले.

तेवढ्यात हत्तीणकाकू आल्या. “मला धाकटी टोपणं दे गं. कान सुपाएवढे असले, तरी त्यांचं भोक बोराएवढंच आहे.” टोपणं गच्च बसली आणि काकू अशा काही नाचल्या, की झाडावरची माकडं टपाटप खाली पडली. माल हातोहात खपू लागला.

ससोबा हळूच म्हणाला, “साळूबाई, धाकट्या टोपणांचा एक द्या. भाच्याला हवाय.”

भाचा काही कुणी पाहिला नाही. एका झुडपावर मात्र संध्याकाळपर्यंत दोन लांब कान नाचत होते.