ओली ढोली

जिथे पावसालाही वाट सापडत नाही अशा एका वाळवंटात, फार फार वर्षांपूर्वी, एक उंच निवडुंग एकटाच उभा होता. काट्यांपायी त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसे.

एके दिवशी एक सुतारपक्षीण आली आणि चोचीने टोचून टोचून तिने त्याच्या अंगात ढोली कोरली. निवडुंगाला कळा आल्या, पण आपल्यापाशी कुणीतरी आलंय म्हणून त्याने हूं की चूं केलं नाही. ढोली झाली, तशी ती उडायला निघाली.

"राहत नाहीस?" त्याने घाबरून विचारलं.

"जखम ओली आहे, दादा. चिकात अंडी चिकटतील माझी. खपली धरून आतून कडक झाली की येते राहायला."

मग रोज सकाळी ती यायची, आत चोच लावून बघायची आणि मायेनं विचारायची, "वाळली का रे दादा?"

उभ्या जन्मात त्याची अशी विचारपूस कुणी केली नव्हती. खपली धरली की ही विचारपूस संपेल, या धास्तीनं तो मुळांतून रस ओढून आणायचा आणि ढोली ओलीच ठेवायचा. "अजून नाही गं," म्हणायचा.

अंडी घालायचे दिवस आले. त्या सकाळी तिने चोच लावली, काहीच विचारलं नाही, आणि ती दूरच्या दुसऱ्या निवडुंगाकडे उडून गेली.

आता रस ओढायचा कुणासाठी? ढोली वाळली, नारळाच्या करवंटीसारखी टणक झाली.

तिच्या यायच्या वेळेला निवडुंग अजूनही रोज सांगतो, "वाळली गं, बाई."

विचारलेलं मात्र कुणीच नसतं.