मांडीवरची ओवी

"अक्का, दुसऱ्याचा पैसा दीड महिना फुकट वापरायचा, याला डोकं लागतं की नाही?"

हर्षलने छाती पुढे काढून विचारलं. पांझरा नदीकाठच्या मठात दुपारची सामसूम होती. मठ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अक्का सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लागतं तर. सांग की कसं ते."

हर्षलला तेवढंच पाहिजे होतं.

"ताईला शिलाई मशीन हवी होती. मी गप्प राहिलो. क्रेडिट कार्डाचं बिल निघू दिलं आणि दुसऱ्याच दिवशी मशीन उचलली! आता ते पैसे येणार पुढच्या बिलात. ते भरायला वर आणखी मुदत. तोवर व्याज? एक रुपया नाही. दुकानदार बघतच राहिला."

शेजारी त्याची ताई, वैशाली, मांडीवर झोपलेल्या तान्ह्या लेकीला, ओवीला, थोपटत होती. तिचा हात थांबला.

"अक्का, मशीनचे पैसे मी याला त्याच दिवशी रोख दिलेत. पाटल्या मोडून. आता हा म्हणतो, बिल भरायच्या तारखेपर्यंत ते त्याच्या दोस्ताला, बंट्याला, दुकानाच्या गाळ्यासाठी उसने देतो."

"मग नुसते पडू देऊ? बंट्या तारखेच्या आधी परत करतोय. ताई, तू ना, जन्माची घाबरट."

"आणि नाही केले तर रे, हर्षू?"

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "तारीख चुकली तर काय होतं?"

"चुकत नाही हो."

"चुकली तर?"

हर्षल जरा घुटमळला. "मग... खरेदी केली त्या दिवसापासूनचं व्याज धरतात."

"असं..."

अक्का उठल्या. ओवीला अलगद उचललं आणि हर्षलच्या मांडीवर ठेवलं. वैशालीला म्हणाल्या, "तू जा, नदीवर तोंड धुऊन ये. किती दिवसांत झोपली नाहीस?"

मग त्याच्याकडे वळल्या. "ही आरतीची घंटा होईपर्यंत उठायची नाही. तोवर तू मोकळा. काय करायचं ते कर."

"एवढंच ना?" हर्षल हसला.

थोड्या वेळाने पायाला मुंग्या आल्या. त्याने पाय हलवला नाही. ओवीच्या गालावर माशी बसली, ती त्याने फुंकरीने उडवली. खिशात फोन थरथरला. बंट्याच असणार, पैशाला खोळंबलेला. फोन ओवीच्या कुशीखाली होता. तो थरथरून थरथरून गप्प झाला.

"जा ना," अक्का म्हणाल्या. "फाट्यावर चहा पिऊन ये. फुकटचा वेळ आहे."

"असा कसा जाऊ? मांडीवर पोर आहे."

"पोर झोपलंय."

"झोपलंय म्हणून काय झालं? कधी उठेल याचा काय नेम? ताईची आहे ती, मला..."

तो बोलता बोलता थांबला.

अक्का पुन्हा तूर निवडू लागल्या.

...

घंटेला अजून वेळ होता आणि ओवीने डोळे उघडले. ओठ काढला. रडू फुटायच्या आत हर्षलने तिला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. ती त्याच्या कॉलरशी खेळू लागली.

फोन पुन्हा वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला.

"बंट्या, नाही जमायचं... अरे, आहेत, पण माझे नाहीत ते."

वैशाली ओल्या तोंडानेच धावत आली. "रडली का रे?"

"रडेल कशी? मी होतो ना!" त्याची छाती पुन्हा फुगली होती, पण आता त्या छातीवर ओवी होती. "आणि ताई, तुझे पैसे खात्यातच राहणार. तारखेला मी स्वतः भरतो."

वैशालीने डोळे पुसले. नदीच्या पाण्याने ओले होते की कशाने, कोण जाणे.

हर्षलने खिशातून कार्ड काढलं आणि अक्कांपुढे धरलं. "मग हे मोडून टाकू का, अक्का?"

अक्कांनी तुरीतला एक खडा बाजूला टाकला.

"कशाला? तुला आता दुसऱ्याचं सांभाळून बसता येतं."