मनगटावरचं मलम

नदीकाठच्या एका बाजारगावात हौसाक्का नावाची एक कासारीण राहायची. घरोघर जाऊन ती बायकांना बांगड्या भरायची. शेतात राबणाऱ्या बायकांचे हात खरखरीत, भेगाळलेले. बांगडी चढवताना त्या कळवळायच्या. हौसाक्काला ते बघवेना. तिनं खोबरेल तेलात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवलं, त्यात वाळ्याची पूड घातली आणि मलम केलं. ते चोळलं की बांगडी अलगद सरकायची आणि हातही मऊ राहायचे.

बायका म्हणू लागल्या, "अक्का, बांगड्या पुढच्या बाजारी भर, पण मलम तेवढं देऊन जा."

धाकट्या दिरानं लाकडी डब्या करून आणल्या आणि बघता बघता घरात बांगड्यांपेक्षा मलमाचीच गडबड जास्त झाली.

एका वर्षी मात्र वाळा कुठंच मिळेना. लग्नसराई तोंडावर आलेली. दिरानं फिरत्या अत्तरवाल्याकडून कसलीशी सुवासिक पूड आणली. वास फार छान होता. हौसाक्कानं फारशी चौकशी न करता ती मलमात घातली.

त्याच आठवड्यात माळ्याच्या लेकीचं लग्न होतं. सकाळी हिरवा चुडा भरायला हौसाक्का गेली, तर मांडवात भांडण जुंपलेलं. नवरीच्या हातांवर लालभडक फोड उठले होते.

"तुमच्या घरच्या उष्ट्या हळदीनं केलं हे! काय कालवून पाठवलंत?" नवरीची आई ओरडत होती.

"आमच्या हळदीला नाव ठेवता? मग ठेवा मुलगी घरात!" नवऱ्याचा बाप वऱ्हाडाला गाड्या जुंपायला सांगत होता.

नवरी कोपऱ्यात पदराखाली हात लपवून बसली होती. "अक्का, माझं लग्न मोडतंय गं," ती म्हणाली.

हौसाक्कानं तिचे हात पाहिले. हळद तर तोंडाला, पायांनाही लागली होती. तिथं काहीच नव्हतं. फोड फक्त हातांवर.

"मलम लावलंस?"

"कालच पहिल्यांदा लावलं."

हौसाक्का तशीच घरी आली आणि नव्या डबीतलं मलम आपल्या मनगटावर चोळून बसली. दुपारपर्यंत मनगट लाल झालं, आग आग होऊ लागली.

दीर म्हणाला, "वहिनी, कुणाला तुमचा संशयसुद्धा आलेला नाही. गप्प बसा. तोंड उघडलंत तर धंदा बसला म्हणून समजा."

"आणि तिचं लग्न मोडलं तर?"

हौसाक्का उठली आणि मांडवात गेली. गाड्या जुंपून झाल्या होत्या, पण भांडण अजून मिटलं नव्हतं. दोन्ही घरच्यांसमोर तिनं मनगट धरलं.

"हळदीचा काही दोष नाही. माझ्या मलमानं केलंय हे. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या, पण पोरीचं लग्न लावा."

नवरीच्या आईनं शिव्या दिल्याच, मोजूनमापून नाही, तोंडभरून. पण गाड्यांचे बैल सोडले गेले आणि गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं गावात दवंडी पिटवली, सगळ्या डब्या परत घेतल्या आणि मलम खड्ड्यात पुरलं. दिराचं खरं झालं. वर्षभर कुणी मलमाचं नाव काढलं नाही. काही घरांनी तर बांगड्यांसाठीही दुसरी कासारीण बोलावली.

पुढच्या वर्षी वाळा मिळाला. हौसाक्कानं पुन्हा मलम केलं. पण विकलं नाही. बाजारात सगळ्यांदेखत स्वतःच्या मनगटाला लावलं आणि दिवसभर बाही वर करून बसली. विक्री पुढच्या बाजारी. प्रत्येक नव्या घाण्याला तिनं असंच केलं. बायका येता-जाता तिचं मनगट निरखायच्या. सगळ्यात आधी डबी मागायला आली ती माळ्याची लेक, माहेरपणाला आलेली.

मग आजूबाजूच्या गावांतूनही मागणी येऊ लागली. नाव कुणी ठेवलं नाही, बायकाच म्हणायच्या, "ते मनगटावरचं मलम दे." हौसाक्काच्या सुनेनं डबीवर बांगड्या भरलेल्या मनगटाचं चित्र काढलं. दूरच्या बाजारपेठांतले व्यापारी ते चित्र पाहून माल उचलू लागले.

तात्पर्य: जो आपल्या चुकीचा दोष दुसऱ्याच्या माथी राहू देत नाही, त्याच्या हातचा माल लोक उशिरा का होईना, पण विश्वासानं घेतात.