पहिली नळी

"पण सर, या चारांत चांगली तपासणी कोणती, ते तरी सांगा!"

तुलावी सर ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत होते. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं रक्त तपासलं. शेवंता उसेंडी त्यांच्याच हाताखाली शिकली. आता ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती, आणि ते सरांच्या नजरेत भरावं म्हणून जाडजूड फाइल घेऊन आली होती.

फाइलीत सिकलसेल या रक्तातल्या आनुवंशिक दोषाच्या चार स्वस्त तपासण्यांची तुलना होती. सर वापरायचे ती नळीची तपासणी सगळ्यांत खाली. औषधी द्रावणात रक्ताचा थेंब घातलेली नळी रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ झालं तर दोष. पण खरा आजारी कोण आणि दोष नुसता रक्तात बाळगणारा वाहक कोण, हे नळीला सांगता येत नसे. नवी पट्टी तेही दहा मिनिटांत सांगायची.

"पट्टीच चांगली," सर म्हणाले.

वाद घालायच्या तयारीने आलेली शेवंता हिरमुसली.

"मग जांभूळटोल्यात कोणी बोट का देत नाही? तिथल्या दुर्गीचा पोरगा गेल्या साली हाडं दुखून दुखून गेला. तिची धाकटी दोघं अजून तपासायची आहेत. अन् मला पाहिलं की सगळ्यांचे हात पाठीमागे…"

सर फुलं निवडत राहिले.

शेवंताला ती जुनी खोली आठवली. स्पिरिटचा वास, भिंतीला डकवलेला रेघांचा कागद, आणि रोज सकाळी सर सगळ्यांत आधी धरायचे ती गढूळ नळी. तिच्यावर कुणाचं नाव नसायचं. बाकावरच्या बाया ती निरखून बघायच्या, हसायच्या आणि मुकाट्याने बोट पुढे करायच्या. किती सोपं होतं तेव्हा सगळं!

"सर… ती पहिली नळी कुणाची असायची?"

सरांनी तिच्या तपासणीच्या पिशवीतून सुई काढली आणि स्वतःचं बोट टोचलं.

"तुह्या पट्टीलेच इचार."

तिने थेंब पट्टीवर सोडला. दहा मिनिटं दोघांनी मिळून फुलं निवडली. मग पट्टीवर निरोगी रक्ताची 'ए' आणि दोषाची 'एस', दोन्ही रेघा उमटल्या. वाहक.

"तुम्ही कधी सांगितलं नाही, सर!"

"बायाईले रोज सांगत होतो. तू नळ्या धूत राह्यची."

शेवंताला हसू आलं, आणि डोळेही भरले.

सरांनी दुसरी सुई तिच्यापुढे केली. "आन तुही पट्टी काय म्हनते?"

"माझी…?"

हजारो बोटं टोचली होती तिने. स्वतःचं तेवढं राहिलं होतं. धीरच झाला नव्हता.

सर तिच्याकडे बघत होते. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आपला हात पाठीमागे गेलाय.

सरांनी सुई पुन्हा पिशवीत ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या.

"चाल पोरी. तुहं बोट दुर्गीच्या अंगनात टोचू."